प्रश्न तुमचे, पाना आमचा : या वेळी रणगाडा

मागच्या अंकात आमच्या पडवीतल्या सेंच्युरियन रणगाड्याचा फोटो छापून आला, पूर्ण धातूचा, एकास सहा मापाचा, आणि फोटोखाली संपादकांनी "वजन ११८ किलो" एवढंच लिहिलं. बस, तिथून सुरू झालं. या पानावर एरवी पाण्याची मोटर, मिक्सर, गळका नळ असले प्रश्न येतात, या वेळी सगळी पत्रं रणगाड्याचीच. आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही, भुसावळला रेल्वेत फिटर म्हणून हयात गेली आणि रिटायर झाल्यावर अडीच वर्षं या एका किटात घातली, त्यामुळे जे हाताने केलं (आणि बिघडवलं) तेच सांगू शकतो. तो ११८चा आकडा केळीच्या वखारीतल्या काट्यावरचा आहे. घडांच्या जागी रणगाडा चढवला तेव्हा तिथला हमाल बघतच राहिला, म्हणे, "हाई काय लई उनात जिभाऊ?" (अहिराणीत, हे काय घेऊन आलात भाऊ?)

प्रश्न : काका, मीपण हेच किट मागवलंय, इंग्लंडहून. पहिली तीन खोकी आली, बाकीची महिन्या-महिन्याने येणारेत. उघडून बसलो तर नुसत्या प्लेटा, पिशव्या आणि बोल्ट. सुरुवात कुठून करू? वडील म्हणतात, भंगार आणलंस. (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : वडिलांचं मनावर घेऊ नकोस, आमच्याकडे सौ. पण तेच म्हणाली होती, आता पाहुणे आले की तीच आधी पडवीत नेते.

पहिले पंधरा दिवस पाना हातात घ्यायचाच नाही. सगळं मोजायचं. आइस्क्रीमचे रिकामे डबे गोळा कर, प्रत्येक डब्यावर बोल्टचं माप लिही, एम ३ (म्हणजे ३ मिली जाडीचे) वेगळे, एम ४ वेगळे, एम ५ वेगळे, आणि त्यातही लांबी वेगळी. १२ मिलीचा बोल्ट जिथे लागतो तिथे १६चा घातला तर तो आत कुठेतरी फिरत्या भागाला टेकतो आणि मग तू दोन दिवस शोधत बसतोस की गिअर का अडकतोय. मी शोधत बसलोय म्हणून सांगतो.

मग बर काढायची. मशीनवर कापलेल्या प्लेटा दिसायला सुंदर असतात पण कडेला बारीक धार राहते, तिला आम्ही बर म्हणतो, आणि दोन प्लेटांच्या मध्ये केसाएवढी बर राहिली तरी पुढे सव्वा मीटरच्या बॉडीत ती तिरपी होऊन दिसते. बारीक कानस घे, प्रत्येक कडेवरून एकदा हलक्या हाताने फिरव. कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लाव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण बॉडी एकदा कोरडी जोडायची, म्हणजे लॉकटाईट (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं औषध) नाही, रंग नाही, बोल्ट फक्त बोटाने फिरतील इतकेच. एक बोल्ट पूर्ण आवळून पुढच्याकडे जायचं नाही. सगळे लावून घ्यायचे, मग सपाट जागेवर बॉडी ठेवायची (माझ्याकडे कोटा फरशीचा एक जाड तुकडा आहे, त्याच्यावर), गुण्या लावायचा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरप्या मापांना टेप लावायचा, दोन्ही सारखी आली की मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचं, जसं गाडीचं चाक बसवताना करतात. मी पहिल्यांदा उत्साहात डावी बाजू पूर्ण आवळून टाकली आणि उजव्या बाजूला शेवटची तीन भोकं जुळेचनात. मग काय केलं? जे करू नये ते. ड्रिल घेऊन भोकं मोठी केली. नंतर कळलं की भोकं बरोबरच होती, बॉडीच दीड मिली तिरपी होती. ती तीन भोकं अजून मला रोज सकाळी दिसतात.

आणि आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची आहे जी इंग्लंडच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. डिसेंबरमध्ये सकाळी आपल्याकडे १०-१२ डिग्री असतं आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५. म्हणजे ३३-३५ डिग्रीचा फरक. एवढ्या फरकात सव्वा मीटर ॲल्युमिनियमची प्लेट जवळजवळ १ मिलीने वाढते आणि तेवढीच लोखंडाची पट्टी अर्ध्याच मिलीने. म्हणून जिथे ॲल्युमिनियमला लांब लोखंडी पट्टी बसते तिथे बोल्टची भोकं अगदी घट्ट ठेवू नकोस, थोडी ढिलाई राहू दे, नाहीतर मे महिन्यात प्लेट मध्येच पोट काढते. आम्ही लाइनीवर रुळांच्या जोडाला फट ठेवायचो ती काय उगाच?

सगळं जुळलं की परत सगळं खोलायचं. हो, सगळं. मग लॉकटाईट. फिरत्या आणि हादरणाऱ्या बोल्टांना निळं २४३, बारीक, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूंना जांभळं २२२, आणि लालला हात लावायचा नाही, ते लावलेला बोल्ट नंतर गॅसच्या टॉर्चने भाजल्याशिवाय सुटत नाही. एक थेंब पुरे. बाटली अर्धीच भरलेली बघून दुकानदाराशी भांडू नकोस, ते औषध हवा मिळाली नाही तरच घट्ट होतं म्हणून बाटलीत हवा ठेवूनच भरतात.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या प्लेटीत एम ३चे आटे साफ करताना टॅप (आटे पाडायचं हत्यार) आतच तुटला. गल्लीतला लेथवाला म्हणतो प्लेट फेकून दे. (चाळीसगाव)

उत्तर : फेकू नका भाऊ. किराणा दुकानातून तुरटी आणा.

मस्करी नाही. घड्याळजी लोकांची जुनी युक्ती आहे. गरम पाण्यात तुरटी विरघळेल तेवढी विरघळवायची, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात, आणि तो पार्ट त्यात बुडवून ठेवायचा. तुरटी लोखंडाला खाते, ॲल्युमिनियमला जवळपास काही करत नाही. पाणी गरम राहिलं तर काम लवकर होतं, टॅप काळा पडून भुसभुशीत होतो आणि टोकदार सुईने उकरला की निघतो. साध्या कार्बन स्टीलचा टॅप लवकर जातो, हायस्पीडचा असेल तर चिकाटी लागते, दोन-चार दिवस धरून चाला. फक्त त्या प्लेटीत दुसरं काही लोखंडाचं बसवलेलं असेल, पिन, बुश, तर आधी काढा, नाहीतर तेही जाईल. आणि सुरक्षिततेसाठी घरातल्या आमटीच्या पातेल्यात करू नका, ही सूचना अनुभवाची.

आता तुटला का ते. ॲल्युमिनियम चिकट आहे, टॅपला धरून बसतं. थेंबभर रॉकेल टाकायचं, आता रॉकेल कुठे मिळतं म्हणाल तर डिझेल चालतं. अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे, कचरा तुटला की पुन्हा पुढे. आणि नवीन भोक पाडायचं असेल तर एम ३ला २.५चं ड्रिल, एम ४ला ३.३, एम ५ला ४.२. गल्लीत पुष्कळ जण एम ४ला सरळ ३ मिली मारतात आणि मग टॅपला शिव्या देतात.

प्रश्न : काका, आमच्या ह्यांनी हे वेड घेतलंय. काम वरच्या मजल्यावर चालू आहे. तुम्ही ११८ किलो लिहिलंत ते वाचून मला झोप नाही. स्लॅब राहील ना? (एक वाचक, धुळे)

उत्तर : ताई, झोपा निवांत. स्लॅब राहील. राहायच्या घराचा आरसीसी स्लॅब चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून डिझाइन करतात. हा रणगाडा सव्वा मीटर लांब आणि ५६ सेंटीमीटर रुंद, म्हणजे जागा पाऊण चौरस मीटरच्या आतबाहेर, आणि वजन ११८. तुमचं भरलेलं गोदरेजचं कपाट याच्यापेक्षा स्लॅबला जास्त त्रास देतं. घर जुनं धाब्याचं असेल, किंवा लाकडी माळा असेल, तर मात्र वर अजिबात नको.

फरशीचीपण काळजी नको, निदान उभा असताना. त्याचं वजन दोन पट्ट्यांवर पसरतं, हिशेब केला तर चौरस सेंटीमीटरला ७०-७५ ग्रॅम येतं. माणूस दोन पायांवर उभा राहिला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट होतं. खऱ्या सेंच्युरियनचंपण असंच, ५१-५२ टन वजन पण जमिनीवर दाब चौरस सेंटीमीटरला साधारण ०.९ किलो, म्हणून तर तो शेतातून जातो. पण जागेवर वळला की पट्टा घासतो आणि फरशीचं पॉलिश गेलंच. घरात वळवायचं नाही असं त्यांना सांगा.

तुमची खरी अडचण स्लॅब नाही ताई, जिना आहे. वर बनवला तर खाली आणणार कोण? पुढच्या तोफेसकट लांबी १.६४ मीटर होते, दारातून सरळ निघतो पण जिन्याच्या वळणावर अडकतो. टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, वेगळं काढलं तरी बॉडी चार माणसांशिवाय उचलू नये, आणि ती चार माणसं अशी पाहिजेत की ज्यांना "सोडा" म्हटल्यावर एकदम सोडायचं नसतं हे कळतं. आमच्या इथे एकाने सोडलं. माझ्या डाव्या करंगळीचं नख परत आलं, पण वाकडं आलं. तेव्हा आजच काम खाली हलवायला लावा, आता प्लेटा सुट्या आहेत तोवर. आणि अँगलचं गुडघ्याएवढं स्टँड करून घ्या, खाली लॉक होणारी चाकं, वर रबर, एमआयडीसीत कोणीही वेल्डर एका दिवसात करून देईल. बॉडी त्या स्टँडवर पोटावर टेकली पाहिजे, म्हणजे चाकं आणि पट्टे अधांतरी राहतात आणि कामाला खाली वाकावं लागत नाही. शेडला आडवं मजबूत लोखंड असेल तर एक चेन पुली ब्लॉक टांगून घ्या, विहिरीवर मोटर काढायला वापरतात तोच, बऱ्याच शेतकऱ्यांकडे असतो, मागून आणा.

प्रश्न : तुमच्या वजनाचा हिशेब चुकला. खरा ५२ टन, एकास सहा म्हणजे भागिले ६, म्हणजे साडेआठ टन झालं की! (यावल)

उत्तर : नाही हो. लांबी सहापट कमी, रुंदी सहापट कमी, उंचीपण सहापट कमी, म्हणजे वजन ६ गुणिले ६ गुणिले ६, २१६ पटीने कमी. ५२ टन भागिले २१६ म्हणजे २४० किलो. माझा ११८ कसा, तर खऱ्याचं पोट पोलादाने आणि ६५० हॉर्सपॉवरच्या मिटिऑर इंजिनाने भरलंय, माझ्याकडे पातळ ॲल्युमिनियम, दोन मोटरी आणि दोन बॅटऱ्या.

प्रश्न : पट्टे जोडून झाले पण इतके कडक आहेत की मोटर फिरतच नाही. ग्रीस भरू का? (एक वाचक, रावेर)

उत्तर : नको! रावेरचे तुम्ही, काळी माती तुम्हाला मी काय सांगणार. ग्रीस लावलेल्या कडीत काळी माती गेली की व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तयार होते, पिना दोन महिन्यांत निम्म्या होतील. खऱ्या सेंच्युरियनच्या पट्ट्यातल्या पिनापण कोरड्याच चालतात.

कडक आहे म्हणजे पिनच्या भोकात ओतकामाचा खरखरीतपणा राहिलाय किंवा कड्यांचे कान एकमेकांना घासतायत. ओतीव कडी असेल तर ड्रिलने नाही, रिमरने (भोक आतून तासून गुळगुळीत करायचं हत्यार) भोक साफ करायचं, ड्रिल त्या भोकात नाचतं. किती ढिलं ठेवायचं, तर कडी उभी धरून सोडली की स्वतःच्या वजनाने पडली पाहिजे, पण खुळखुळ वाजता कामा नये. इथे लोभ करू नका. समजा एका बाजूला शंभराच्या आसपास कड्या आहेत आणि प्रत्येक पिनला दहाव्या भागाएवढी, ०.१ मिली, जास्तीची ढिलाई दिली, तर पूर्ण पट्टा १० मिलीने लांबतो. मग तो झोळ पुढचं टेन्शनचं चाक कितीही ओढलं तरी जात नाही आणि पहिल्याच वळणाला पट्टा निघून पडतो. ११८ किलोचा रणगाडा शेतात पट्टा सोडून बसला की काय होतं, ते मी गेल्या आखाजीला पाहुण्यांसमोर दाखवलंय.

साफ केल्यावर स्टँडवर अधांतरी ठेवून, बॅटरी चार्जरवर, हळू स्पीडला अर्धा-अर्धा तास दोन्ही दिशांना फिरवा, पिना आपोआप जागा करून घेतात. नंतर परत टेन्शन बघा. आणि पट्ट्याला रंग देऊ नका, काही उपयोग नाही, एका फेरीत जातो. लोखंड आहे, गंजेल थोडं, तेच छान दिसतं.

स्प्रिंगांचंपण इथेच सांगून टाकतो, दोन पत्रं तीच आहेत. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या तीन जोड्या, हॉर्स्टमन पद्धतीचं सस्पेन्शन, स्प्रिंगा आडव्या. रिकामी बॉडी उभी केली की ती उंटासारखी उंच दिसते आणि लोकांना वाटतं स्प्रिंग चुकल्या. चुकल्या नाहीत. टरेट, बॅटऱ्या, मोटरी, सगळं आत गेल्यावरच उंची बघायची. मी घाईत मऊ स्प्रिंगा बनवून आणल्या होत्या, मग पूर्ण वजन आल्यावर चाकं वर बॉडीला टेकली. परत जुन्याच घातल्या.

प्रश्न : सर, मी डिप्लोमाला आहे, शिरपूर. मोटर, बॅटरी आणि कंट्रोलरबद्दल सांगा ना, कितीचं घेऊ? आणि स्पीड वाढवता येईल का?

उत्तर : स्पीडचं आधी. खरा सेंच्युरियन रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटर. भागिले ६ केलं की साधारण ५.८, म्हणजे तुझ्या चालण्याचा वेग. त्यापेक्षा जास्त कशाला पाहिजे? हे मोबाइलवरचं खेळणं नाही, सव्वाशे किलो लोखंड आहे, ते चालण्याच्या वेगाने भिंतीला लागलं तरी प्लास्टर पडतं. कुत्रं, पोरगं, कोणाचा पाय मध्ये आला तर विचार कर.

म्हणून सगळ्यात आधी फेलसेफ. रिमोट हातात धरून बंद करून बघ, रणगाडा जागेवर थांबला पाहिजे. नाही थांबला तर ती सेटिंग नीट होईपर्यंत जमिनीवर उतरवायचाच नाही. आणि मागच्या बाजूला बाहेर एक लाल मोठं बटण, सगळा करंट तोडणारं, हात पटकन पोचेल असं. दिसायला वाईट दिसतं, मी त्याच्यावर मागचा सामानाचा डबा बसवलाय, झाकण उघडलं की बटण.

माझी सिस्टिम २४ व्होल्टची, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, प्रत्येक बाजूला एक गिअरची मोटर. कंट्रोलर घेताना मोटर चालताना किती अँपिअर घेते ते बघून घेऊ नकोस, अडकल्यावर किती घेते ते बघ. जागेवर वळताना एक पट्टा पुढे एक मागे, तेव्हा करंट सगळ्यात जास्त, आणि आपल्या चोपणातल्या ढेकळात तर विचारूच नको. फ्यूज बॅटरीच्या जवळ, लांब वायरीच्या दुसऱ्या टोकाला नाही, कारण मधली वायर कुठे प्लेटीला घासून उघडी झाली तर फ्यूजच्या आधीचा भाग जळतो. सगळी बॉडीच धातूची आहे हे विसरू नकोस, जिथे वायर भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट पाहिजेच.

लेड ॲसिड की लिथियम? मी लेड ॲसिड ठेवल्या, कारण वजन पाहिजेच होतं, बॉडी जमिनीला धरून चालते. पण आपल्या उन्हाळ्यात त्या मरतात. ढोबळ हिशेब असा की दर दहा डिग्री वाढीला बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये बॅटऱ्या काढून घरात माठाच्या खोलीत ठेव आणि महिन्याने एकदा चार्ज कर. उतरलेली बॅटरी दोन महिने शेडमध्ये तशीच ठेवलीस की ती संपलीच समज. लिथियम घेणार असशील तर लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घे आणि चार्जर तिचाच.

प्रश्न : रंग दिला, आठ दिवसांत नखाने पापुद्रा निघाला. रंग चांगल्या कंपनीचा होता. (नंदुरबार)

उत्तर : कंपनीला दोष नाही, ॲल्युमिनियमवर सरळ रंग धरतच नाही. आधी थिनरने तेलकटपणा पुसायचा आणि नंतर बोट लावायचं नाही, मग ४०० नंबरच्या पाणी पेपरने चमक मारायची, मग एच (इंग्रजीत etch) प्रायमरचा एक पातळ हात, तो ॲल्युमिनियमला चावून धरतो, त्याच्यावर साधा प्रायमर, मग मॅट रंग. गाड्यांचे डेंटिंग-पेंटिंगवाले हे सगळं ओळखतात, त्यांच्याकडूनच छोट्या डब्यात घ्या.

दुसरं, कधी मारला? पत्रावर तारीख मेची आहे. दुपारी ४४ डिग्रीला स्प्रे मारला तर रंग हवेतच सुकतो आणि प्लेटीवर भुकटी पडते, हात फिरवला की खरखर लागते. पहाटे साडेपाचला मारा. किंवा सरळ जून-जुलै जाऊ द्या, पावसाळी हवेत रंग पांढरट पडतो, आणि दिवाळीनंतर मारा. भरताची पार्टी सुरू होते तेव्हाचं हवामान रंगाला सगळ्यात चांगलं. मी दोन्ही पार्ट्या एकाच दिवशी ठेवल्या होत्या, काट्या पेटवल्यावर वांग्याचा सगळा धूर ओल्या टरेटवर बसला, तेव्हा तसं मात्र करू नका.

प्रश्न : जर्मन टायगर एवढा फेमस असताना तुम्ही सेंच्युरियनच का घेतला? (साक्री)

उत्तर : टायगर दिसायला जबरदस्त आहे, ५७ टनांचा, मान्य. पण त्याच्याशी आपला काय संबंध?

सेंच्युरियन आपल्याकडे लढलाय. १९६५च्या सप्टेंबरमध्ये सियालकोटच्या आघाडीवर फिलोरा आणि चविंड्याला पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटचे सेंच्युरियन होते, त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर ११ तारखेला जखमी झाले तरी मागे गेले नाहीत आणि १६ सप्टेंबरला तिथेच गेले. परमवीर चक्र. मग १९७१, बसंतरची लढाई, तीच रेजिमेंट, तोच सेंच्युरियन, सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, वय २१, तारीख परत १६, डिसेंबरची. त्यांनाही परमवीर चक्र. त्यांच्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता. माझ्या टरेटवर अजून नाव लिहिलं नाही, ते नाव लिहायला हात होत नाही, आणि दुसरं सुचत नाही.

खरे बघायचे असतील तर नगरचं, म्हणजे आता अहिल्यानगरचं, रणगाडा संग्रहालय बघा, १९९४ साली सुरू झालं, तिथे रांगेने उभे आहेत. मी तीनदा गेलो, तिसऱ्यांदा नुसता मागच्या इंजिनाच्या झाकणाच्या बिजागऱ्या बघायला. तिथल्या झाडाखाली उभं राहून त्याच्या पोलादावर हात ठेवला की कळतं आपण घरी केलंय ते किती गुळगुळीत झालंय. खरं ओतीव टरेट खडबडीत असतं, केळीच्या खोडासारखं, तासलेल्या फळीसारखं नाही. परत आल्यावर मी माझ्या टरेटवर पातळ पुटी ब्रशने ठोकून ठोकून लावली आणि मग रंग दिला. लोक म्हणाले चांगलं खराब केलंस.

प्रश्न : कस्टम किती लागतं? (जळगाव)

उत्तर : बसून वाचा. लहान मापाची मॉडेल खेळण्यांच्याच गटात येतात आणि खेळण्यांवरची बेसिक ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ साली ७०. खोकी महिन्या-महिन्याने येतात त्यामुळे हा चटका एकदम न बसता हप्त्याहप्त्याने बसतो, हाच काय तो दिलासा. तोफेची नळी मात्र निव्वळ शोभेची ठेवा, फटाके घालून आवाज काढायचे प्रयोग कोणीही करू नका, दोन पत्रं तशी आलीत, त्यांना उत्तर देणार नाही.

प्रश्न : एवढ्या पैशात जुना ट्रॅक्टर आला असता. (चोपडा)

उत्तर : आला असता. पण ट्रॅक्टर पडवीत ठेवू दिला नसता.

प्रश्न : आजोबा, मी सातवीत आहे. मला तुमचा रणगाडा बघायचा आहे. त्याच्यावर बसता येतं का? (अमळनेर)

उत्तर : ये ना! आई-बाबांना घेऊन ये, रविवारी सकाळी, ऊन व्हायच्या आत. वर बसू देणार नाही, टरेटच्या बेअरिंगला एका जागी वजन दिलेलं चालत नाही, पण मागे छोटी ट्रॉली जोडली की तो तुला आरामात ओढतो, माझ्या नातवाला आणि त्याच्या दोन मित्रांना एकदम ओढलंय. रिमोटपण देईन, आधी लाल बटण कुठे आहे ते दाखवीन मग. फक्त चप्पल घालून येऊ नकोस, बूट घाल. शाळेचे चालतील.